‘भीती वाटली’ हे कुणी सांगायचं?

प्रश्न : मी अंबाजोगाईच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली आहे. ‘नीट’च्या शिकवणीसाठी बीडला खोली करून राहणारी अकरावीची मुलगी, रात्री अभ्यासिकेतून परतताना तिला वेशीपाशी भेटणारी एक बाई, आणि खजिना विहिरीच्या बोगद्यात चारशे वर्षं कोंडून राहिलेलं काहीतरी, अशी गोष्ट आहे. अशा गोष्टीला ‘गॉथिक’ म्हणतात आणि ती आजच्या शहरात घडली की ‘अर्बन फँटसी’, असं माझी भाची सांगते. पुस्तक दिवाळीच्या सुमारास येईल. प्रकाशक म्हणतात, “मॅडम, जाहिरातीला पैसे नाहीत. वाचकांचे अभिप्राय गोळा करा. पहिल्या आठवड्यात पन्नास जणांनी ऑनलाइन पाच-पाच तारे दिले की पुस्तक चाललं.” नातेवाईक, सहकारी, माजी विद्यार्थी मिळून पन्नास जण सहज होतील. निम्म्यांनी तर न वाचताच होकार दिला आहे. माझं मन मात्र कचरतं. अभिप्राय मागणं चूक आहे का? आणि मराठीत अशा पुस्तकाला अभिप्रायामुळे खरंच वाचक मिळतो का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आहे आणि त्याला चांगला दाखला आहे.

१९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्रानं भयकथालेखक नारायण धारपांची एक कथा सांगितली. पुस्तक हातात दिलं नाही, तोंडी सांगितली. जंगलात ऐकलेल्या त्या कथेनं बर्वे यांची पार घाबरगुंडी उडाली. ती भीती त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचा ‘तुंबाड’ पडद्यावर आला. (नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, भीतीचं बीज धारपांचं.) पहिल्या खेपेला चित्रपटगृहांत गर्दी बेताचीच होती. पण ज्यांनी पाहिला ते गप्प बसले नाहीत. मोबाइलवर, वसतिगृहात, चहाच्या टपरीवर एकानं दुसऱ्याला सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षं जुना चित्रपट लोकांनी एकमेकांना सांगून सांगून परत आणला.

खुद्द धारपांची (१९२५–२००८) कथाही फार वेगळी नाही. समीक्षेच्या मुख्य रस्त्यावर त्यांना फारशी जागा मिळाली नाही. त्यांना जगवलं ते महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं नेणाऱ्या वाचनालयांच्या सभासदांनी. त्या प्रतींच्या शेवटच्या पानावर तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली असायची. धारपांच्या पुस्तकात ती चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी लागलेली मी पाहिली आहे. मी पाहिलेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय तो. त्याला कुणी तारे दिले नव्हते, पण ती जाड झालेली चिठ्ठी पाहिली की हात आपोआप पुस्तकाकडे जायचा. आज धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या छत्रपती संभाजीनगरचं साकेत प्रकाशन काढतं, म्हणजे आपल्या मराठवाड्यातूनच ती महाराष्ट्रभर जातात. तुमच्या वाटेवर आधी कुणी चाललंच नाही असं समजू नका. स्टीफन किंग यांचा अमेरिकन गावातला रक्तपिपासू धारपांनी ‘लुचाई’त मराठी गावात आणला, आणि वाचकानं त्याला परका मानलं नाही.

आता नागझिऱ्याच्या त्या मित्राकडे परत येऊ. त्याचं सांगणं एवढं का लागलं? त्यानं कथा स्वतः वाचली होती. ती सांगून त्याला काही मिळणार नव्हतं. आणि कुणाला सांगतोय हे त्याला माहीत होतं. तुमच्या पन्नास जणांपैकी निम्म्यांनी वाचलेलंच नाही. उरलेल्यांना तुमचं मन राखायचं आहे. शिवाय ते ज्यांना सांगणार, ते त्यांच्या डोळ्यांपुढे नाहीत. मग त्यांच्या शब्दाला वजन यावं कुठून?

अभिप्राय मागणं मात्र अजिबात चूक नाही. मराठी ग्रंथव्यवहारात ती जुनी, सभ्य रीत आहे. ‘अभिप्रायार्थ सस्नेह’ असं लिहून प्रत देतात, नियतकालिकाकडे परीक्षणासाठी दोन प्रती पाठवतात, परीक्षण नाही तर निदान ‘साभार पोच’मध्ये नाव येतं. मागताना मान खाली घालायचं कारण नाही. फक्त मागायचं मत. कौतुक मागायचं नाही. ‘वाचून जे वाटेल ते लिहा’ आणि ‘चांगलं लिहा’ या दोन वाक्यांमध्ये सगळा फरक आहे. आणखी एक गल्लत टाळा. मलपृष्ठावर एखाद्या नामवंताकडून चार ओळी घेतात, त्या पाठराखणीला वाचकाचा अभिप्राय समजू नका. पाठराखण लेखकाच्या बाजूनं उभी राहते. अभिप्राय येतो तो पैसे आणि रात्र खर्च करणाऱ्याच्या बाजूनं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला नामवंताच्या शब्दापेक्षा वर्गातल्या मैत्रिणीचा शब्द जवळचा असतो.

प्रकाशकांचा पन्नास ताऱ्यांचा बेत नियमांतही बसत नाही. ॲमेझॉनवर लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी त्याच्या पुस्तकाला अभिप्राय देणं मान्य नाही. पैसे किंवा भेट देऊन घेतलेला अभिप्राय तर नाहीच नाही. प्रकाशनाआधी फुकट प्रत देता येते, पण ‘चांगलंच लिहा’ अशी अट घालता येत नाही. शिवाय अभिप्राय टाकायला त्या खात्यावरून काही किमान खरेदी झालेली असावी लागते. तुमच्या खऱ्या वाचकांकडे, म्हणजे केज-धारूरच्या नववी-दहावीच्या मुलांकडे असं खातं बहुधा नसणार. म्हणजे ज्यांचं मत हवं त्यांना तिथे लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांच्यासाठी पुस्तक नाही! आपल्या सरकारनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे भारतीय मानक आणलं. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवलं, पण त्याचा रोख स्पष्ट आहे : विकत घेतलेले आणि बनावट अभिप्राय ही ग्राहकाची फसवणूक आहे.

नियम बाजूला ठेवू. तुमच्या वाङ्मयप्रकाराची सुरुवातच या प्रश्नाशी जोडलेली आहे, ती गोष्ट तुम्हाला आवडेल. ज्या पुस्तकापासून गॉथिक कादंबरी मोजतात ते ‘द कॅसल ऑफ ओट्रॅंटो’ १७६४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये निघालं. होरेस वॉल्पोलनं त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. जुन्या इटालियन ग्रंथाचं हे भाषांतर आहे, अशी बतावणी केली. ‘मंथली रिव्ह्यू’ या नियतकालिकानं पुस्तकाचं कौतुक केलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलनं खरं काय ते सांगितलं आणि ‘अ गॉथिक स्टोरी’ हे उपशीर्षक जोडलं. त्याच नियतकालिकाचा सूर लगेच बदलला. गोष्ट तीच, शब्द तेच. पण जुन्या काळातल्या माणसाला जे माफ होतं ते आजच्या लेखकाला माफ करायला ते नियतकालिक तयार नव्हतं. पुस्तक टिकलं, हे खरं. वाचणाऱ्याला आपल्याला बनवलं गेलं असं वाटलं की तो कसा उलटतो, तेही तितकंच खरं.

हे मला स्वतःच्या अनुभवावरूनही कळलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या कादंबरीवर मी निम्मी वाचून गोड परीक्षण लिहिलं. महिन्याभरानं एका अनोळखी बाईंचं पोस्टकार्ड आलं. तुम्ही लिहिलंत म्हणून मुलासाठी घेतली, त्याला आवडली नाही, तुम्हाला खरंच आवडली होती का, असं त्यांनी विचारलं होतं. रागाचा एक शब्द नव्हता. मला उत्तर लिहिता आलं नाही. त्यानंतर पूर्ण न वाचलेल्या पुस्तकावर मी एक ओळ लिहिलेली नाही.

तर मग करायचं काय? पन्नास सोडा, वीस प्रती बाजूला काढा. त्या तुमच्या विद्यार्थ्यांना देऊ नका. ज्यांच्या उत्तरपत्रिका तुमच्या हातात असतात, ती मुलं तुमच्या पुस्तकाला वाईट म्हणणार नाहीत. माजलगाव, केज, गेवराई, पाटोदा इथल्या ओळखीच्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना गाठा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या मुलांपर्यंत प्रती पोहोचवा. लेखिका कोण, हे वाचून होईपर्यंत सांगूच नका. पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवा. तिच्यावर ‘पुस्तक कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘कुठल्या पानावर थांबावंसं वाटलं? कुठल्या पानावर थांबता आलं नाही? हे पुस्तक कुणाला देशील?’ असं विचारा. नाव लिहायची सक्ती नको.

पुस्तकाचा काळही जपा. दिवाळी म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी कारखान्याला जाण्याचे दिवस. कोयता घेऊन आई-बाप निघतात, कितीतरी मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात. त्या लांब रात्रींत गोष्टीची भूक मोठी असते. अशा ठिकाणी एक प्रत गेली तर ती एकटी वाचली जात नाही. एक जण मोठ्यानं वाचतो, दहा जण पांघरुणात ऐकतात. दुसऱ्या दिवशी शाळेत ती गोष्ट कशी सांगितली जाते, तो तुमचा अभिप्राय. जमलं तर जाऊन ऐका. कुठे आवाज खाली येतो, कुठे मुलं सांगायचं सोडून देतात, हे कुठल्याच ताऱ्यांतून कळणार नाही. मुलांची नावं आणि फोटो मात्र पालकांना विचारल्याशिवाय कुठेही छापू नका, आणि ‘वसतिगृहातली गरीब मुलं वाचताना’ असला फोटो तर विचारूनही नको.

चिठ्ठ्या आल्या की निवड करताना धीर धरा. समजा एक मुलगा लिहितो, ‘सुरुवातीची चाळीस पानं रेंगाळतात, पण ती विहिरीत उतरल्यावर मी जेवायलाही उठलो नाही.’ प्रकाशक त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळायला सांगतील. गाळू नका. त्या अर्ध्या भागामुळेच उरलेला अर्धा खरा वाटतो. भयकथेचं सगळं भांडवल विश्वासावर उभं असतं. ‘अंगावर काटा आला’ असं प्रत्येक पुस्तकाच्या जाहिरातीत असतं. जेवायला न उठलेला मुलगा मात्र एकाच पुस्तकाला भेटतो.

आणि अभिप्राय वाचून उद्या कुणी पुस्तक शोधायला निघालं, तर ते मिळणार कुठे? इथेच बहुतेक मराठी पुस्तकं मार खातात. मुलगी स्टेटस पाहते, आईकडे हट्ट करते, बसस्थानकावरच्या स्टॉलवर विचारते, तिथे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचे गठ्ठे असतात, आणि दोन दिवसांत उत्साह मावळतो. म्हणून अभिप्राय बाहेर पडण्याआधी प्रती जिल्ह्यातल्या वाचनालयांत पोहोचू द्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य झालेली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं तालुक्यांत आणि मोठ्या गावांत आहेत. त्यांच्या ग्रंथपालांकडे सभासद पुस्तकाची मागणी करू शकतात. पाच मुलांनी जाऊन ‘हे पुस्तक आणा’ म्हटलं, तर तो ऑनलाइनच्या पाचशे ताऱ्यांपेक्षा मोठा अभिप्राय. अंबाजोगाईनं १९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं. पुस्तकासाठी माणसं एकत्र येणं या गावाला नवं नाही. पहिली दोन प्रकरणं ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन व्यासपीठावर देता आली तर तेही करा. तिथे भयकथेला मोठा वाचक आहे आणि प्रत्येक भागाखाली तो मोकळेपणानं लिहितो. तिथे कडू बोल आले तर उत्तरादाखल भांडू नका. आभार माना आणि पुढचं प्रकरण द्या.

एक विनंती मात्र आग्रहानं. कादंबरीतल्या जागा खऱ्या आहेत. खजिना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. जमिनीखालून पाणी शेतांपर्यंत नेणारी ती अजब करणी आहे. तळ्याच्या मधोमध उभं कंकालेश्वराचं मंदिर आहे, जुन्या वेशी आहेत. युरोपातल्या कुठल्याही किल्ल्याला हार जाणार नाही असं तुमच्या गोष्टीचं अंगण आहे, आणि ते तुम्ही वापरलंत याचा मला फार आनंद झाला. पण जाहिरातीत किंवा अभिप्रायात ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द येऊ देऊ नका. वॉल्पोलला ते परवडलं असेल. जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागलेल्या राज्यात, जिथे आजही ‘बाहेरचं’ झालं म्हणून मुलींना दवाखान्याऐवजी दुसरीकडे नेतात, तिथे ते परवडत नाही. एखाद्या उत्साही वाचकानं ‘आमच्या आजीनं ती बाई खरंच पाहिली होती’ असं लिहिलं, तर ते छापू नका. विहीर खरी, बाई तुमची. हे मुलांना ठाऊक असलं तरी त्यांना भीती वाटते, आणि वाटायचीच असेल तर तशीच वाटू दे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला भुताखेतांची पुस्तकं आवडतात. वाचू द्यावीत का?
— एक पालक, पाटोदा

उत्तर : द्यावीत. फक्त तिनं वाचलेलं एखादं तुम्हीही वाचा आणि नंतर तिच्याशी बोला. झोप उडत असेल तर काही दिवस दुपारी वाचायला सांगा. चांगल्या भयकथेत मुलगी घाबरते, तरी पाऊल पुढे टाकते. एवढं वाचून ती बिघडणार नाही. पुस्तकावर दोन ओळी लिहायला मात्र तिला जरूर सांगा. काय वाटलं ते लिहिता आलं की भीती हातात मावते.

प्रश्न : मी बारावीत आहे. वाचलेल्या पुस्तकांवर व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लिहितो. रहस्यकथेवर लिहिलं की मित्र म्हणतात, सगळं सांगून टाकलंस. न सांगता लिहायचं कसं?
— एक विद्यार्थी, माजलगाव

उत्तर : तुझे मित्र तुझं स्टेटस वाचतात आणि त्यावर रागावतात, म्हणजे तुझ्या शब्दाला किंमत आहे.

रहस्य फोडण्याची खोड जुनी आहे. वाचनालयाच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ‘खुनी डॉक्टर आहे’ असं लिहून ठेवलेलं असे. लहानपणी मी त्या अनाम माणसावर फार चिडलो आहे. तुझ्या हातून ते नकळत होतं, कारण तू गोष्ट सांगतोस. गोष्ट सांगू नकोस, तुझी रात्र सांग. किती वाजता वाचायला बसलास, लाइट गेली तेव्हा काय केलंस, कुठल्या प्रकरणानंतर दाराची कडी पुन्हा तपासलीस. पहिल्या एक-तृतीयांश भागात घडतं तेवढं खुशाल लिही. त्यापुढे काय घडतं ते लिहू नकोस, तुला काय झालं ते लिही.

मग नेमकं हो. ‘भन्नाट’, ‘जबरदस्त’, ‘एक नंबर’ हे शब्द कुठल्याही पुस्तकाला बसतात, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाचे नसतात. भाषा कशी आहे? आपल्याकडच्या मुलांसारखी बोलते की पुस्तकी? संवाद वाचताना कुणाचा आवाज कानात आला? जिथे कंटाळा आला तेही सांग, आणि पुस्तक कुणासाठी आहे, कुणासाठी नाही, तेही. ‘ज्याला रक्तपात हवा त्यानं घेऊ नये’ असं एक वाक्य चुकीच्या वाचकाचे पैसे वाचवतं आणि योग्य वाचकाला पुस्तकापाशी आणतं. ते कुठे मिळालं, केवढ्याला, वाचनालयात आहे का, ही शेवटची ओळ कधी विसरू नकोस. आणि लेखक ओळखीचा असेल, प्रत फुकट मिळाली असेल, तर तसं सुरुवातीलाच लिही. त्यानं तुझं मत हलकं होत नाही.

वरचं पत्र तू वाचलंच असशील. अंबाजोगाईच्या ताईंच्या वीस प्रतींतली एक माजलगावला तुझ्या पत्त्यावर पाठवायला मी त्यांना सांगतो आहे. सोबत कोरी चिठ्ठी असेल. पहिली चाळीस पानं खरंच रेंगाळत असतील, तर पानाचा आकडा घालून लिही.